दर महिन्याला घर बघायला

लग्नानंतर दोनेक वर्षांनी मला वाकडच्या एका छोट्या ऑफिसात नोकरी लागली. शहराच्या कडेला जी गावं आहेत, म्हणजे रावेत, माण, मोशी, चाकण आणि चाकणच्या आसपासची खेडी, तिथं घरांचे भाव काय चालले आहेत याचा अहवाल आम्ही दर महिन्याला काढायचो. कुठं बुकिंग जोरात आहे, कुठं फ्लॅट नुसते पडून आहेत, भाडी चढली की उतरली, असं सगळं त्यात असायचं. बँका तो घ्यायच्या, काही बिल्डरही घ्यायचे. ऑफिसात आम्ही चौघंच. आमचे सर काचेच्या खोलीत बसायचे आणि महिनाअखेर जवळ आली की दार अर्धं उघडून विचारायचे, "चाकणचं काय झालं?"

फोन करून कुणी खरा भाव सांगत नाही. म्हणून आम्ही गिऱ्हाईक बनून साइटवर जायचो. घर घ्यायचं आहे असं सांगायचं, सॅम्पल फ्लॅट बघायचा, चहा प्यायचा, भाव विचारायचा, थोडी घासाघीस करायची आणि "घरी बोलून कळवते" म्हणून निघायचं. पहिल्या महिन्यात मी एकटीच फिरले. स्कूटी धुळीनं माखलेली, खांद्याला डब्याची पिशवी. प्रत्येक साइटवर मला एकच प्रश्न.

"सर कधी येणार आहेत?"

"कुठले सर?"

"म्हणजे मिस्टर. ते आले की व्यवस्थित दाखवतो ना मॅडम."

रावेतला तर मला पाणी मिळालं, माहितीपत्रक मिळालं नाही. महिनाअखेर माझ्याकडं सांगण्यासारखं काही नव्हतं. सरांना खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "मग घरातल्या कुणाला तरी घेऊन जा. कुटुंब दिसलं पाहिजे."

घरातलं कुणी म्हणजे कोण? नवरा चाकणच्या एका कंपनीत होता. पहिली शिफ्ट असली की दुपारी झोपायचा, तिसरी असली की दिवसभर झोपायचा आणि सुट्टीच्या दिवशी ओव्हरटाइमला जायचा. घरात रिकामं माणूस एकच होतं, ते म्हणजे माझ्या सासूबाई. सासरे जाऊन बरीच वर्षं झाली होती. त्यांच्या माघारी सासूबाईंनी एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये काम करून मुलाला वाढवलं, शिकवलं आणि वर्षभरापूर्वीच त्या निवृत्त झाल्या होत्या. शेकडो माणसांच्या गोंगाटात "पुढं सरका" म्हणायची सवय असलेला त्यांचा आवाज आता आमच्या पिंपरीच्या दोन खोल्यांत मावत नव्हता. सकाळची वंदना झाली, स्वयंपाक झाला, की पुढच्या दिवसाचं काय करायचं हे त्यांना कळत नसे.

मी विचारलं, "आई, माझ्याबरोबर येता का? नुसतं बसायचं. मोठं माणूस सोबत असलं की ते लोक नीट बोलतात."

"मी काय बोलू तिथं?"

"काही बोलू नका."

"अजिबात?"

"अजिबात."

त्यांनी लग्नकार्यात नेसायची जांभळी साडी काढली, केसांना तेल लावून घट्ट अंबाडा घातला आणि स्कूटीवर माझ्या मागं एका बाजूला पाय घेऊन बसल्या. रावेतपर्यंत एक शब्द बोलल्या नाहीत. मला वाटलं, बाई शहाण्या आहेत, ऐकतात.

त्याच साइटवर गेलो, पाण्यावर बोळवण करणारा तोच पोरगा समोर आला. टाय लावलेला, हातात टॅब. त्यानं बसायला सांगितलं आणि विचारलं, "मॅडम, फंडिंगचं काय ठरवलंय? लोन करणार का?"

मी तोंड उघडायच्या आत मागून आवाज आला, "मुलगा दुबईला असतो."

मी वळून बघितलं. सासूबाई खुर्चीत अगदी ऐसपैस बसल्या होत्या. पोरगा उभा राहिला. थंड पाणी आलं, त्याच्यामागून चहा, चहाबरोबर बिस्किटं आली. मग तो आम्हाला सॅम्पल फ्लॅट दाखवायला घेऊन गेला. आतमध्ये असा काही उजेड केला होता की लग्नाच्या हॉलमध्ये शिरल्यासारखं वाटलं. सासूबाई प्रत्येक खोलीत दोन मिनिटं उभ्या राहिल्या. बेडरूममध्ये त्या पलंगाकडं बराच वेळ बघत राहिल्या आणि मला काही कळायच्या आत चपला काढून त्यावर आडव्या झाल्या. त्यांचे पाय पार घोट्यापर्यंत पलंगाच्या बाहेर.

"काय हो," त्या पडल्या पडल्याच म्हणाल्या, "तुमच्याकडची माणसं केवढी असतात?"

पोरगा लाजला. म्हणाला, "आई, सॅम्पलला फर्निचर जरा लहान बनवतात. खोली मोठी दिसते."

"आणि दारं? एका पण खोलीला दार नाही."

"ती पण काढून ठेवतात. मोकळं वाटतं."

"खऱ्या फ्लॅटला असतील ना? माझा मुलगा लाजाळू आहे."

त्या पोराला हसू आवरेना. नंतर तो आत जाऊन साहेबांशी बोलून आला आणि आम्हाला जो भाव सांगितला, तो बोर्डावरच्या भावापेक्षा बराच खाली होता. परत येताना मी विचारलं, "दुबई कुठून काढली तुम्ही?"

"तो बसल्या बसल्या पैशाचंच विचारायला लागला. दुबई म्हटल्यावर गप्प बसला की नाही?"

माझा त्या महिन्याचा अहवाल सरांनी दोनदा वाचला आणि एवढंच म्हणाले, "आता यांना दर महिन्याला नेत जा."

मग आमचं तसंच सुरू झालं. महिन्याच्या तिसऱ्या आठवड्यात सासूबाई स्वतःहूनच विचारायच्या, "या वेळी कुठं?" दुबईचा मुलगा मोशीला गेल्यावर सैन्यात मेजर झाला. माणला तो इंजिनिअर झाला, कारण त्या भागात कंपन्यांची माणसंच घरं घेतात हे त्यांनी चहावाल्याकडून काढून घेतलं होतं. खरा मुलगा त्या वेळी घरी तोंडावर चादर ओढून झोपलेला असायचा.

हळूहळू मलाही महिन्यांचा स्वभाव कळायला लागला. पितृपंधरवड्यात साइटवर सामसूम, विक्रीवाली पोरं मोबाइलवर क्रिकेट बघत बसलेली. तेव्हा गेलं की भाव लगेच खाली येतो, आणि गप्पा मारायला माणूस मिळालं म्हणून ती पोरंही खूश होतात. दसऱ्याला त्याच साइटवर झेंडूची तोरणं, ढोलताशा आणि बसायला खुर्ची नाही. मार्चमध्ये सरकारी दर वाढायच्या आत नोंदणी उरकायची म्हणून धावपळ. चाकणला तर वेगळंच. तिथं एखाद्या कंपनीत नवी लाइन सुरू होणार अशी नुसती बातमी आली तरी पंधरा दिवसांत भाडी चढायची, आणि कंत्राटी पोरांना ब्रेक देऊन घरी पाठवलं की गावांतल्या खोल्या रिकाम्या व्हायच्या. रस्ता रुंद होणार ही बातमी मात्र बारमाही होती. ती प्रत्येक साइटवर ऐकायला मिळायची, आणि ती आम्हाला ट्रॅफिकमध्ये अडकून उशिरा पोचल्यावरच ऐकायला मिळायची.

माणच्या एका साइटवर विक्रीवाल्या मुलीनं आम्हाला हौसेनं ईशान्येचा कोपरा दाखवला. "आई, इथं तुमचं देवघर. वास्तूप्रमाणे अगदी करेक्ट."

सासूबाई म्हणाल्या, "आमच्यात देवघर नसतं, बाळा. आम्ही बौद्ध. आमच्याकडं बुद्धाची मोठी तसबीर आहे, ह्यांनी लाकडी चौकटीत बसवून आणलेली. जड आहे. ह्या भिंतीत खिळा जातो का?"

मुलगी जरा गडबडली. पण सावरून म्हणाली, "खिळा नाही जाणार. सगळं काँक्रीट आहे. ड्रिलवाला बोलवावा लागेल."

"म्हणजे एक तसबीर लावायला माणूस बोलवायचा?"

"हो."

"मग कॅलेंडरचं काय करता तुम्ही लोक?"

ती मुलगी विचारात पडली. म्हणाली, "आई, खरंच माहीत नाही. आमच्याकडं फ्रिजवर चिकटवतात." आणि दोघी हसायला लागल्या. त्या दिवसापासून खिळ्याचा प्रश्न सासूबाईंनी प्रत्येक साइटवर विचारला. माझ्या अहवालात त्यासाठी रकाना नव्हता, पण मला कुठल्या इमारतीत खिळा जातो आणि कुठल्या इमारतीत जात नाही हे पाठ झालं होतं.

भाड्याचे भाव काढायला मात्र घरमालकांना फोन करावे लागायचे. त्यात एक अडचण होती. सगळं बोलणं गोडीगुलाबीनं व्हायचं आणि शेवटी विचारायचे, "आडनाव काय म्हणालात?" आडनाव सांगितलं की काही घरं त्याच क्षणी भाड्यानं गेलेली असायची. मी सुरुवातीला गप्प बसून फोन ठेवायची. एकदा सासूबाई शेजारी लसूण सोलत होत्या. त्यांनी माझ्या हातातून फोन घेतला आणि कॅन्टीनच्या आवाजात म्हणाल्या, "गेलं का घर? बरं झालं. आमच्या पसंतीला नव्हतंच आलं." आणि फोन ठेवून पुन्हा लसूण सोलायला लागल्या. त्यानंतर मी पण तसंच म्हणायला शिकले.

या सगळ्यात गल्लीकडं आमचं लक्षच नव्हतं. दर महिन्याला सासूबाई जांभळी साडी नेसून सुनेच्या स्कूटीवर बसून जातात, हातात चकचकीत माहितीपत्रकं घेऊन येतात, हे सगळी गल्ली बघत होती. शेजारच्या काकूंनी एकदा विचारलं, "पसंत पडलं का काही?" सासूबाई म्हणाल्या, "बघतोय." झालं. आठवड्याभरात गल्लीभर झालं की आम्ही फ्लॅट घेतोय. नळावर बायका सासूबाईंशी जरा जपून बोलायला लागल्या. कोपऱ्यावरच्या किराणावाल्यानं तर "आता मॉलमधून सामान आणणार का?" असं विचारलं. मी म्हटलं, "आई, सांगून टाका ना खरं काय ते." त्या म्हणाल्या, "काय सांगू? घरं बघते पण घ्यायची नाहीत, असं? वेडी म्हणतील मला." माहितीपत्रकं त्यांनी फेकली नव्हती. कपाटात साड्यांच्या खाली रचून ठेवली होती, आणि कधीतरी दुपारी चष्मा लावून ती बघत बसायच्या.

मग चाकणची ती साइट आली. चाकणच्या अलीकडं एका गावाच्या शिवारात दोन इमारती उभ्या राहिल्या होत्या, तिसरीचं काम चालू होतं. आम्ही दिवाळीनंतर एकदा तिथं जाऊन आलो होतो. विक्रीवाला लातूरकडचा, सडपातळ आणि गोड बोलणारा. त्या वेळी सासूबाईंनी त्याला मेजरसाहेबांची आई म्हणून ओळख दिली होती. दोन-तीन महिन्यांनी पुन्हा गेलो, तर ऑफिसात त्याच्या टेबलासमोर एक म्हातारी प्लॅस्टिकच्या खुर्चीत मांडी घालून बसलेली. नऊवारी लुगडं, कपाळावर रुपयाएवढं कुंकू, हातात चहाचा कप.

विक्रीवाल्यानं आम्हाला बसवलं आणि टॅबवर नकाशा उघडला. "मॅडम, ह्या बाजूचे फ्लॅट बघा की. मोकळी हवा, व्ह्यू लई भारी."

म्हातारी कपातून डोकं वर न काढता म्हणाली, "त्या कोपऱ्याला न्हाई घ्यायचं. तितं पाणी साचतंय."

"आज्जी!" विक्रीवाला कळवळला.

"अरं, साचतंय तर साचतंय. तितं आमचा हरबरा कधी आलाच न्हाई. ह्या अंगाला घ्या बाय, हिकडं जमीन चांगली हाय. हिकडं गहू यायचा."

विक्रीवाल्यानं कपाळाला हात लावला. आम्हाला हळूच म्हणाला, "जमीन आज्जींचीच होती. जमिनीच्या बदल्यात त्यांना फ्लॅट दिलेत. आता रोज येऊन बसतात. बाहेर जा म्हणणार तरी कसं?"

सासूबाई खुर्ची ओढून म्हातारीच्या शेजारी जाऊन बसल्या. दोघींचं बोलणं लगेच लागलं. म्हातारीचं जुनं घर साइटच्या मागंच होतं. अंगणात तिनं दहा-बारा खोल्या काढल्या होत्या आणि त्यात कंपन्यांतली पोरं राहत होती. "एक पोरगं डूटीवरनं येतंय, दुसरं जातंय. गादी गार व्हायला टाइमच न्हाई," ती सांगत होती. "ह्या महिन्यात मातुर सगळी गावाला गेल्यात. खोल्या मोकळ्या पडल्या, मला करमंना." मी गुपचूप ऐकत होते. चाकणच्या भाड्यांचं जे मी चार महिने फोनवर शोधत होते, ते सगळं म्हातारी या खुर्चीत बसून सांगत होती.

मग म्हातारीनं सासूबाईंना सरळ विचारलं, "तुमचा ल्योक काय करतो?"

मी वाट बघत होते, दुबई येते की मेजर. सासूबाई म्हातारीच्या तोंडाकडं बघत होत्या, त्या एकदम म्हणाल्या, "खरं सांगू का? तो इथंच चाकणला कंपनीत आहे. कामगार. आणि आम्ही काही घर घ्यायला आलेलो नाही. माझी सून भाव काढायला येते, तिच्या ऑफिसचं काम आहे. मी नुसती सोबत."

मला वाटलं जमीन फाटावी. विक्रीवाला समोरच उभा होता. त्यानं टॅब बंद केला, माझ्याकडं बघितलं आणि मोठ्यानं हसत सुटला.

"मॅडम, मला म्हाईत होतं की! मागच्या वेळीच म्हाईत होतं."

"काय माहीत होतं?"

"आईंना कोण ओळखत नाही? दुबईवाल्या आई! रावेतचा पोरगा माझा रूम पार्टनर होता. आमचा सगळ्या साइटवाल्यांचा ग्रुप आहे. आई पलंगावर झोपलेल्या, त्याचा फोटो त्यानं टाकला होता." त्यानं मोबाइल काढून दाखवला. जांभळी साडी, बाहेर आलेले पाय. खाली पोरांनी टाकलेली हसरी तोंडंच तोंडं.

"मग बोलला का नाहीत?" मी विचारलं.

"कशाला बोलायचं? पितृपंधरवड्यात कोण येतं आमच्याकडं? आई येऊन बसल्या की ऑफिस भरल्यासारखं वाटतं. खरं गिऱ्हाईक आलं की त्याला वाटतं, साइट चालतीय. माणची मॅडम तर विचारत होती, आईंना महिन्यातनं दोनदा पाठवता येतील का."

सासूबाईंनी मोबाइल हातात घेतला, फोटो लांब धरून, जवळ धरून बघितला. मला भीती वाटली, चिडतात की काय. त्या म्हणाल्या, "साडी चांगली दिसतीय."

म्हातारीला काहीच कळलं नव्हतं, पण सगळे हसतात म्हणून तीही हसत होती. "व्हय का? म्हंजी तुमी घर बघायलाच येता? घ्यायला न्हाई?"

"नाही."

"मग माझं पण बघा की. दोन फ्लॅट कुलूप लावून पडल्यात. मी काय तितं ऱ्हात न्हाई. आत बोललं की आवाज घुमतोय म्हनं."

मला मात्र एकच काळजी. मी विक्रीवाल्याला विचारलं, "म्हणजे तुम्ही सगळे मला खोटे भाव सांगत होता?"

"न्हाई ओ. भाव खरेच. आता दुबईला जो सांगतो तो मेजरला सांगत नाही, एवढंच."

दुसऱ्या दिवशी मी सरांना सगळं सांगितलं. नोकरी जाते की काय असं वाटत होतं. सर खिडकीकडं वळले आणि त्यांचे खांदे हलायला लागले. हसून झाल्यावर म्हणाले, "मग आता उघडच जा. ऑफिसचं कार्ड दे आणि विचार." गंमत म्हणजे तसं गेल्यावर पोरं जास्तच मोकळी झाली. कुठली बुकिंगं रद्द झाली, कुठला बिल्डर घरभाडं मिळवून देतो म्हणून गिऱ्हाईक ओढतोय, हे सगळं चहाबरोबर कळायला लागलं. एकच अट असायची, 'आईंना घेऊन या.' चाकणच्या अहवालात मी गावांतल्या खोल्यांची माहितीही द्यायला लागले आणि बँकेच्या एका साहेबानं ती नेमकी वाचून फोन केला. चाकणच्या त्या साइटवर पाणी साचायच्या कोपऱ्यात बिल्डरनं पुढं मोठं गटार काढलं. म्हातारी रोज ऐकवत होती, त्याला दुसरा इलाजच नव्हता.

चाकणहून फोटो बघून परत आलो, त्या रात्रीच जेवताना मी नवऱ्याला ही गोष्ट सांगितली होती. फोटोचं ऐकून त्याला ठसका लागला. पाणी पिऊन तो म्हणाला, "ही साइट कुठं आली नेमकी?"

मी सांगितलं.

"अरे, ते तर आमच्या कंपनीच्या मागं. सायकलवर जाता येईल." तो रोज पिंपरीहून नाशिक रस्त्याच्या ट्रॅफिकमधून जायचा आणि शिफ्टपेक्षा जास्त त्या रस्त्यानं दमायचा. भात कालवत तो सहज म्हणाला, "त्या आजींचा फ्लॅट आपणच भाड्यानं का घेत नाही?"

मी आणि सासूबाई एकमेकींकडं बघत राहिलो. एवढे महिने आम्ही दोघी घरं बघत फिरत होतो. माझ्या ऑफिसच्या कागदांत शेकडो घरं होती. त्यातलं एखादं आपल्यासाठी असू शकतं, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात कधी आलं नव्हतं.

सासूबाईंनी ताट सरकवलं. "मी नाही जायची. माझं सगळं इथं आहे. विहार इथं, गल्ली इथं, दवाखाना इथं. तुम्ही दोघं जा."

"तुम्हाला सोडून कसं जाणार?" मी म्हटलं.

"मग कुणीच जाऊ नका."

विषय तिथंच संपला. आठवडाभर कुणी काढलाही नाही. रविवारी दुपारी शेजारच्या काकू आल्या, त्यांच्यामागं गल्लीतल्या सहा-सात बायका. एकीच्या हातात पेढे, एकीच्या हातात पिशवी. सगळ्या आमच्या पुढच्या खोलीत दाटीवाटीनं बसल्या. काकूंचे डोळे भरले होते. त्यांनी पिशवीतून एक साडी काढली, मोरपंखी, जरीच्या काठाची.

"तुम्ही काही सांगत नाही, पण आम्हाला कळतं," काकू म्हणाल्या. "आम्ही सगळ्यांनी मिळून घेतली. नव्या घरात जाताना नेसा. आम्हाला विसरू नका म्हणजे झालं."

सासूबाईंनी माझ्याकडं बघितलं. मी खाली बघितलं. त्यांनी साडीवरून हात फिरवला, पदर उलगडून बघितला. खरं सांगायची हीच वेळ होती. पण इतक्या बायकांनी मिळून आणलेली साडी परत कशी करायची?

"विसरते कशी," त्या म्हणाल्या. "चाकणलाच तर जातेय. बस जाते तिथं."

बायका गेल्यावर दार लावून त्या भिंतीला टेकून बसल्या आणि म्हणाल्या, "आता जावंच लागतंय. सांग तुझ्या नवऱ्याला."

मला एवढं हसू आलं की मी आत जाऊन बसले. पण रात्री बघितलं, तर त्यांनी कपाटातली माहितीपत्रकं बाहेर काढली होती आणि चाकणचं वेगळं करून उशाशी ठेवलं होतं.

म्हातारीनं भाड्याचं बोलणं एका वाक्यात उरकलं. "तुमची सून तर सगळ्यांचं भाव काढती. तिला इचारा, चालू भाव काय हाय. तेवढं द्या." मी चालू भाव सांगितला, तर तिला तो फार वाटला. मी म्हटलं, "आजी, एवढाच चालू आहे." ती म्हणाली, "न्हाई, माझा फ्लॅट हाय, मी ठरवनार," आणि तिनं तो स्वतःच कमी केला. घरमालकानं भाडं उतरवायचं आणि भाडेकरूनं चढवायचं, अशी घासाघीस मी त्याआधी बघितली नव्हती आणि त्यानंतरही बघितली नाही. पिंपरीची जागा आम्ही शेजारच्या काकूंच्या नव्यानं लग्न झालेल्या मुलाला राहायला दिली. त्यामुळं काकूंचे डोळे लगेच कोरडे झाले.

सामान न्यायला टेम्पो आला तेव्हा अर्धी गल्ली टेम्पोत चढली. चाकणला लातूरचा विक्रीवाला हजर होता. त्यानं आपल्या रावेतच्या मित्रालाही बोलावलं होतं. दोघांनी कपाट वर चढवलं. रावेतच्या पोरानं सासूबाईंचा पलंग बघितला आणि म्हणाला, "आई, हा तर केवढा लांब आहे." सासूबाई मोरपंखी साडीत, पदर खोचून उभ्या होत्या. म्हणाल्या, "माणसं झोपतात ह्याच्यावर."

आता मला ऑफिस लांब पडतं. आठवड्यातले दोन दिवस मी घरूनच काम करते, बाकीचे दिवस वाकडपर्यंतचा रस्ता सोसते. नवरा सायकलवर जातो आणि शिफ्ट संपली की चहाला वेळेवर हजर असतो. त्याचा चेहरा मी दिवसाउजेडी इतका कधी बघितला नव्हता. सासूबाई महिन्यातून एकदा पिंपरीला विहारात जातात आणि गल्लीत राहून येतात. इतर वेळी त्या आणि म्हातारी सतत बरोबर. खोल्यांतली पोरं गावाहून परत आली आहेत. परवा सरांचा फोन आला, "चाकणचं काय झालं?" मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. म्हटलं, "चढतंय सर. खोल्या भरल्या."

म्हातारी मात्र आमच्या घरी येत नव्हती. चौथ्या मजल्यापर्यंत तिला जिने चढवत नाहीत आणि लिफ्टची भीती. "त्या डब्यात मी न्हाई शिरायची. मधीच बंद पडली तर?" असं म्हणून ती खालूनच हाका मारायची. शेवटी एका रविवारी सासूबाईंनी तिचा हात धरला आणि तिला आत ओढलं. मी वर दारात उभी होते. लिफ्ट वर आली, दार उघडलं, दोघी आत, डोळे घट्ट मिटलेले, एकमेकींचे हात धरलेले. मी म्हटलं, "आलात की, बाहेर या." म्हातारीनं एक डोळा उघडला. "आलो व्हय? मग परत खाली चला." आणि त्या परत खाली गेल्या. मग परत वर. असं चार-पाच वेळा झालं. मधल्या मजल्यांवर लोक सामान घेऊन खोळंबले होते, कुणीतरी "लिफ्ट सोडा" म्हणून ओरडत होतं, आणि आतून दोघींचं हसणं वर-खाली फिरत होतं.

अखेर म्हातारी बाहेर आली. आमच्या घरातून चालत थेट गॅलरीत गेली आणि कठड्याला धरून उभी राहिली. समोर तिची विहीर, तिच्या खोल्यांचे पत्रे, पलीकडं कंपन्यांच्या निळ्या शेड, त्यांच्याही पलीकडं भामचंद्राचा डोंगर. तिनं आपलं शिवार इतक्या वरून कधी बघितलं नव्हतं. बोट दाखवत ती सांगायला लागली, कुठं बांध होता, कुठं बैल बांधायचे, कुठून शाळेची पोरं चिंचा पाडायला यायची.

"लई लांबवर दिसतंय की गं," ती म्हणाली. "मला आधी का न्हाई आणलं?"

"तूच येत नव्हतीस," सासूबाई म्हणाल्या.

"बरं, आता आले न्हवं? च्या ठेव. साखर जास्त घाल."

सासूबाई आत आल्या, त्यांनी पातेलं गॅसवर ठेवलं आणि मला म्हणाल्या, "खुर्ची दे तिला गॅलरीत. आता ती संध्याकाळपर्यंत काही हलत नाही."